शुक्रवारचा ठोका

नागसेनचा हात आपोआप पुढे गेला आणि हवेत मिटला. तिथे हँडल नव्हतं. सोनमोहराचं झाड होतं, झाडाखाली सिमेंटचा बाक होता, बाकावर भेळ खात बसलेली एक बाई होती आणि तिच्या नाकासमोर वीतभर अंतरावर नागसेनची मूठ होती. बाईने भेळेचा कागद पोटाशी धरला आणि क्या हुआ चाचा म्हणून विचारलं. नागसेनने मूठ उघडून आत काही नाही याची आधी स्वतःच खात्री करून घेतली आणि मच्छर होता म्हणाला. एकसष्ट वर्षांच्या माणसाने बागेत येऊन परक्या बाईच्या नाकावरचा डास मारायला जाणं काही शोभणारं नव्हतं, पण जे खरं होतं ते त्याहून कमी शोभलं असतं. खरं म्हणजे तो लूम, म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, थांबवायला गेला होता. लूम चालू होता आणि लंगडत होता. दर चार-पाच ठोक्यांमागे एक ठोका किंचित रेंगाळत होता, आणि असा ठोका कानावर आला की जॉबरचा हात डोक्याला न विचारता हँडलवर जातो. बिघडलेले लूम ताळ्यावर आणायचे, हेच काम त्याने तीस वर्षं केलं होतं. बागेत लूम कुठून आला, हा प्रश्न त्याला मूठ उघडल्यावर पडला.

आणि मग आठवलं की आज शुक्रवार. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. त्या दिवशी पायाखालची फरशी थरथरायची थांबते, माणसं सवयीने मोठ्यांदा बोलतात आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळतात. नागसेनला हा वार लहानपणापासून आवडत नसे. गप्प बसलेलं गाव त्याला आजारी वाटायचं. तर अशा शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला, महापालिकेच्या बागेत एक लूम चालू होता. त्याने बाईला विचारलं, लूमचा आवाज येतोय का. बाईने भल्या माणसासारखा कान दिला आणि नाही म्हणाली. पाइप ओढत चाललेल्या हिरामण माळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कसला आवाज? काय न्हाय." दोन पोरींमागे पळणारा एक बाप, बाकावर मोबाइलमध्ये मान घातलेला एक जण, कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. ठोका मात्र सुरूच होता. ठाक, ठाक, ठाक, ठाक, मग तो लंगडा. नागसेन मागच्या कुंपणाच्या फटीतून आला होता तसाच मागच्या फटीतून बाहेर पडला. घरापर्यंतच्या रस्त्यात त्याने मनातल्या मनात स्वतःचं नाव, गल्ली, मेलेल्या बायकोचं नाव आणि मुलीची जन्मतारीख म्हणून पाहिली. सगळं बरोबर आलं, तरी धीर आला नाही.

कारण त्याचा बाप. चांगदेव उभा जन्म लूमवर राहिला आणि शेवटची दोन वर्षं दुपारच्या झोपेतून उठून हवेत धागे जोडत बसायचा. अंगठा आणि तर्जनी जुळवायची, पीळ द्यायचा, थुंकी लावायची, पुढचा धागा. आई म्हणायची, राहू दे, काम करतोय, कुणाला मारत तर नाही. नागसेनला ते बघवत नसे. म्हातारा एकदा त्याच्याकडे बघून म्हणाला होता, उभा काय राहिलास, बीम संपत आलाय, आणि नागसेन खरोखर सुताचा तो रूळ बदलायला दोन पावलं पुढे झाला होता. ते त्याने कोणाला सांगितलं नाही. आता स्नेहल, त्याची मुलगी, कशेळीच्या गोदामातून शिफ्ट संपवून आली की आधी शेगडी बघते आणि मग बापाचं तोंड. दिवाळीच्या सुमारास त्याच्या हातून गॅस न पेटवता नुसताच चालू राहिला होता, तेव्हापासून हे सुरू झालं. ठाण्याच्या डॉक्टरचा पुढल्या आठवड्यानंतरचा सोमवार तिने घेऊन ठेवला होता. पप्पा, नुसतं दाखवून येऊ, म्हणाली होती. आज तिने बागेत काय केलंत म्हणून विचारलं आणि नागसेनने फिरलो म्हणून सांगितलं. हात पाठीमागे धरून सांगितलं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम मोठ्या फाटकातून गेला, आणि फाटकाच्या डाव्या अंगाला दोरीने बांधलेला फलक त्याने पाहिला. बागेतल्या झाडांवर आवाज टांगलेले आहेत, बुधवारपासून पुढच्या रविवारपर्यंत, रोज पाच ते सात, थांबून ऐका. नागसेनने ते तीनदा वाचलं. मग सोनमोहराखाली जाऊन वर पाहिलं. फांद्यांत तेलाचे रिकामे डबे टांगले होते, एकेका डब्यात एकेक स्पीकर. वॉचमनच्या चौकीतून एक मुलगी बाहेर आली, सव्वीस-सत्तावीसची, खांद्यावर वायरींची वेटोळी. तिचं नाव पूर्वी. कशेळीची, त्यांच्या खाडीकाठच्या जमिनीवर आता गोदामं होती, आणि घरच्यांच्या मते शिकूनसवरून ही डबे टांगत फिरत होती. नागसेन वर बघतोय हे पाहून तिला इतका आनंद झाला की तिने त्याला तिथल्या तिथे चहा पाजला. चार दिवस झाले, म्हणाली, लोक खालून जातात, एकानेही मान वर केली नाही, तुम्ही पहिले. आणि नागसेनला एकदम उलगडा झाला. इथल्या माणसाला लूमचा आवाज येतो का म्हणून विचारणं म्हणजे कोळणीला मासळीचा वास येतो का विचारणं. वार कुठला का असेना, भिवंडीच्या कानाला लूम हा आवाजच नाही. त्याला रडू यावं इतकं हलकं वाटलं. डोकं शाबूत होतं. त्याने दोन वडापाव खाल्ले आणि तिसरा स्नेहलसाठी बांधून घेतला.

ते हलकेपण घरापर्यंत काही टिकलं नाही. वाटेत त्याच्या मनात आलं, लूम कोणाचाही असो, तो लंगडा ठोका तर आपल्या कारखान्यातल्या सात नंबरचा होता. दुसऱ्या दिवशी त्याने पूर्वीला विचारलं, हा आवाज कुठून आणला. ती म्हणाली, माझ्या काकाच्या शेडमधून, चार लूम होते, गेल्या महिन्यात भंगारात गेले, त्याआधी टिपून ठेवले. नागसेनने त्या शेडमध्ये कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मग तिथे सात नंबर कसा? लूमचा आवाज अंगठ्याच्या ठशासारखा असतो, दोघांचा एक नसतो, हे तो पोरांना शिकवत आला होता. आता एकतर तो शिकवत होता ते खोटं, नाहीतर सात नंबर झाडावर नव्हता, त्याच्या कानात होता आणि डब्याचं फक्त निमित्त झालं होतं. दोन्हींतलं कुठलं बरं, हे त्याला ठरवता येईना.

सात नंबर राघोचा. पडघ्याकडचा हा माणूस शेतं विकली गेल्यावर लूमवर आलेला, हाताने चपळ, बोलायला कमी. चोवीस वर्षांपूर्वी एका सकाळी सात नंबरचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, जागा सोडून उडाला आणि राघोचा डावा डोळा घेऊन गेला. पुढे शेठने विचारलं, सरकारी माणसाने विचारलं, आणि नागसेनने दोघांना एकच सांगितलं की सकाळी मी स्वतः चालवून बघितला होता, लूम चोख होता. नागसेनचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. फाटकातून आत येता येता कुठला लूम आजारी आहे ते सांगणारा जॉबर अशी त्याची ख्याती होती. मग दोष राघोचा ठरला. वाकला असेल, डुलकी लागली असेल. राघो गेला आणि सातवर दुसरा माणूस उभा राहिला. आणि त्यानंतर, कधीपासून ते सांगता येणार नाही, नागसेनला ती सकाळ आठवायला लागली. सात नंबरचा ठोका रेंगाळतोय. तो ते ऐकतोय. हात हँडलकडे अर्धा गेलाय, तेवढ्यात चहाची किटली येते, आल्याचा वास येतो, आणि तो स्वतःशी म्हणतो, चहा घेऊन बघू. इतकी स्वच्छ आठवण त्याच्याकडे स्वतःच्या लग्नाचीही नव्हती. कधी वाटे, हे झालंच नसेल, मग ऐकलं नाही म्हणावं तर कानाची ख्याती फुकटची. ऐकलं म्हणावं तर राघोचा डोळा आपल्या चहात गेला. बायको, द्रौपदी, होती तोवर तिला सांगावंसं वाटायचं. ती गेली, सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तो रोज जाऊ लागला. पाच वाजता सोनमोहराखाली, सात वाजता घरी. पूर्वीने चौकीत एक माइक ठेवला होता. ज्याला वाटेल त्याने येऊन बोलावं, ती ते लूमच्या आवाजात मिसळून झाडावर सोडत असे. लोक येत, आपल्या मुलखाचं नाव सांगत, एखादी ओळ गुणगुणत, हसत बाहेर पडत. बुधवारी नागसेन आत गेला. दार लोटून घेतलं. माइक जवळ ओढला आणि सगळं बोलला. माझं नाव नागसेन, मी जॉबर होतो, त्या सकाळी सात नंबर लंगडत होता, मी ऐकलं आणि थांबवला नाही, राघोचा डोळा माझ्यामुळे गेला. मग बाहेर आला. पूर्वीने कानावरचा हेडफोन काढला आणि हे झाडावर लावू का एवढंच तिने विचारलं. लाव, तो म्हणाला, त्यासाठीच बोललो.

गुरुवारी झाडाने कबुली दिली. दर पाव तासाने लूमच्या खडखडाटातून नागसेनचा आवाज वर यायचा, राघोचं नाव घ्यायचा आणि पुन्हा खडखडाटात बुडायचा. नागसेन खाली बाकावर ताठ बसला होता. येणारा-जाणारा आता आपल्याकडे बघेल म्हणून त्याने दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. पण कोणीच बघेना. एक माणूस तर नेमका डब्याखाली थांबून बुटाची नाडी बांधत बसला. माझ्यामुळे गेला, हे शब्द त्याच्या टकलावर पडले आणि तो नाडी आवळून चालता झाला. नागसेनला आधी अपमान वाटला आणि मग स्वतःचंच हसू आलं. चोवीस वर्षं दाबलेलं पाप भर बागेत ओरडून सांगितलं तरी गावाला ऐकू जाईना, कारण ते लूमच्या आवाजात सांगितलं होतं. पण हसू लगेच आटलं. गाव जाऊ दे, ज्याने ऐकायचं त्यानेच ऐकलं नव्हतं. रविवारी सातला डबे उतरणार होते. तोवर राघोने इथे येऊन ऐकलं तर मोकळं होता येईल, नाहीतर हे असंच डोक्यात घेऊन सोमवारी ठाण्याच्या डॉक्टरसमोर बसावं लागेल, असं त्याला अगदी शपथेवर वाटू लागलं.

शनिवारी तो एसटीने पडघ्याला गेला. राघो हायवेच्या कडेला एका गोदामाच्या फाटकावर बसायचा. पंधरा वर्षांनी भेटले. राघो जाडजूड झाला होता, डाव्या डोळ्याची पापणी कायमची मिटलेली, उजवा मात्र आधीपेक्षा मिश्कील. त्याने तुळजाची, म्हणजे बायकोची, भाकरी अर्धी मोडून नागसेनच्या हातात दिली. नागसेनने तिचा एक तुकडा मोडला. बागेत झाडांवर लूमचे आवाज लावलेत, तेवढं म्हणाला, उद्या ये, तुला ऐकवायचे आहेत. राघोला ते विचित्र वाटलं असणार, पण त्याने इतकंच विचारलं की चहा कोन पाजनार.

रविवारी साडेपाचला दोघे सोनमोहराखाली बसले. राघोने वर पाहिलं, ठोका ऐकला आणि लूम जुना हाय म्हणाला. मग तो भाग आला. माझं नाव नागसेन. राघो हातातला चहा तसाच धरून ऐकत राहिला. पुन्हा पाव तास गेला, पुन्हा तेच आलं, या वेळी त्याने उजवा डोळाही मिटून ऐकलं. नागसेन त्याच्या तोंडाकडे बघत होता. राग आला तर बरं, रडला तर त्याहून बरं, काहीही येऊ दे, पण आता काहीतरी येऊ दे.

"पन मास्टर," राघो म्हणाला, "त्या दिशी तुमी व्हते कुठं?"

कुठं म्हणजे काय, कारखान्यात, नागसेन म्हणाला.

"न्हाय. तुमी पडघ्याला गेलेले. धम्मदिनाचा साखरपुडा व्हता. दुपारचे दवाखान्यात आले नि माज्या हातात बुंदीचा लाडू ठेवला. डोल्याला पट्टी नि तोंडात लाडू. मी इसरंन का?"

नागसेन नाही म्हणायला गेला. बहिणीचा साखरपुडा वेगळ्या आठवड्यातला होता, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण कुठून कोण जाणे, निळा शर्ट आठवला. खिशावर तुपाचा डाग, कागदात बांधलेले दोन लाडू, एक दवाखान्यात गेला, दुसरा स्नेहलला दिला तेव्हा ती चार-पाच वर्षांची होती आणि तिने तो पायरीवर बसून चाटून खाल्ला. द्रौपदी तो डाग धूत म्हणाली होती, जेवणावरून उठून पळालात, निदान हात तरी धुवायचे. जेवणावरून. पडघ्याहून. मग किटली कुठली? आल्याचा वास कुठला, आणि हँडलकडे अर्धा गेलेला हात कोणाचा? ती सगळी सकाळ त्याच्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी होती, तिच्यात काही कमी झालं नव्हतं, आणि तिच्यात तो नव्हता. बापही असाच बघत असेल, त्याच्या मनात आलं, समोर बीम आणि बीमच नाही. बाकाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली. मग हळूहळू दुसरं कळलं, आणि ते जास्त थंड होतं. लूम मी चालवून बघितला, हे त्याने शेठला सांगितलं होतं, सरकारी माणसाला सांगितलं होतं, पुढे विचारेल त्याला सांगितलं होतं, इतक्या वेळा की शेवटी त्याला तो लूम चालवतानाचं दिसायला लागलं, आणि दिसलेल्या लूममध्ये मग खोटही ऐकू यायला लागली. त्याने राघोचा डोळा घेतला नव्हता. त्याने नुसती खोटी साक्ष दिली होती. आणि परवा कबुली देतानासुद्धा कानाची शेखी मिरवली होती. मी ऐकलं होतं, म्हणे.

"तुला माहीत होतं," त्याने विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"कुनाला बोलनार? तुमी येवड्या पोटतिडकीनं सांगत व्हते का मलाच वाटाया लागलं, बघितला असंल सकालचा येऊन." राघोने गार झालेला चहा एका घोटात संपवला. "मंग त्यो लाडू आठवायचा."

सात वाजायला आले तशी पूर्वी शिडी घेऊन आली, हिरामणने शिडी धरली आणि एकेक डबा उतरू लागला. नागसेन उठून तिच्याकडे गेला. मी बोललो ते खोटं आहे, त्याने सांगितलं, ते पुसता येईल का. पूर्वी गोंधळली. हे सगळं पुढच्या महिन्यात मालेगावच्या बागेत लागणार होतं, आणि त्यातलं तिला सर्वांत आवडलेलं हेच होतं, असं तिने चाचरत सांगितलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि अर्ध्या शिडीवरून उतरली. चौकीत माइक अजून होता. राघोही मागोमाग आला आणि दाराशी उभा राहिला. लाल दिवा लागला. माझं नाव नागसेन, तो म्हणाला, आणि थांबला. पुढचं वाक्य त्याने उचललं तेव्हा ते त्याला इतकं परकं लागलं की आपण पुन्हा खोटं बोलतोय असं वाटून त्याला लाज वाटली. त्या सकाळी मी तिथं नव्हतो. लूम मी बघितला नव्हता. बघितला म्हणून सांगितलं, आणि राघोच्या माथी मारलं.

पूर्वीने ते त्याला ऐकवलं. कान अजून होता तो होताच. ‘नव्हतो’ या शब्दाच्या आधी एक बारीक खंड पडला होता, आवाज किंचित मागे रेंगाळला होता. पुन्हा घेऊ का काका, पूर्वीने विचारलं. नागसेनला खरोखर कळेना. हा खोटेपणाचा लंगडेपणा की खरं बोलायची सवय नाही त्याचा, हे तीस वर्षांच्या कानाला सांगता येत नव्हतं. कारखान्यात एक रीत होती. लूम दुरुस्त झाला की जॉबरने बाजूला व्हायचं; विणणारा स्वतः चालवून बघणार, आणि तो चालू द्या म्हणेपर्यंत जॉबरने तिथून हलायचं नाही. एवढ्या वर्षांत ही रीत त्याने एकदाही मोडली नव्हती, निदान त्याला आठवत होतं तसं तरी. त्याने हेडफोन काढून राघोच्या हातात दिला.

राघोने तो कानांवर नीट बसवला. ऐकलं. बोटानेच खूण करून पुन्हा लावायला सांगितलं आणि पुन्हा ऐकलं. बाहेर हिरामण शेवटचा डबा उतरवत होता, त्यातला लूम अजून चालू होता. मग वायर ओढली गेली आणि बाग नुसती बाग राहिली. राघोने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, मिटलेली पापणी अंगठ्याने चोळली.

"चालू द्या," तो म्हणाला, आणि पडघ्याची गाडी किती वाजता हाय म्हणून पूर्वीला विचारू लागला.

आता रीतीप्रमाणे नागसेनने हलायला हरकत नव्हती. तो तिथेच उभा राहिला.